नवाईआधीची गिलकी

१० सप्टेंबर १९६७. पावसाने दोन दिवस उघडीप दिली आहे, म्हणून तांदूळ उन्हात पसरून त्यातले टोके काढते आहे. शेजारी एक पत्र पडलं आहे. त्यावर दगड ठेवला आहे, नाहीतर उडून जाईल. गेलं तरी माझं काही अडणार नाही.

पत्र मुलींच्या वसतिगृहाच्या अध्यक्षांचं आहे. तिथे नवं स्वयंपाकघर बांधून झालं आहे आणि दारावर जुन्या स्वयंपाकीणबाईंचं नाव लावायचं आहे. बाई गेल्या वर्षी वारल्या. मी त्यांच्याबरोबर चार वर्षं काढली, तेव्हा ‘त्या अन्नपूर्णेच्या काही गोड आठवणी’ मी लिहून पाठवाव्यात, अशी विनंती आहे. हे अध्यक्ष त्या वेळी व्यवस्थापक होते. बाईंना ज्या दिवशी घालवलं, त्या दिवशी कागद घेऊन हेच स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आता त्यांना गोड आठवणी हव्या आहेत.

गोड माझ्याकडे काही नाही. जे आहे ते लिहिते.

ती अन्नपूर्णा वगैरे नव्हती. तोंडाळ होती, हट्टी होती आणि तिचा हात चटकन उठे. आम्ही सगळ्या तिला काकी म्हणत असू, पण काकीपणाचं काही तिच्यात नव्हतं. तापीकाठच्या खात्यापित्या गुजर घरातली. घरची केळी, घरचा कापूस, दारात चार म्हशी. नवरा लवकर गेला. दिराशी कशावरून तरी बिनसलं आणि ती घर सोडून शहाद्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्याकडे आली. आली तेव्हा डोक्यावर लोखंडी तवा होता आणि हातात काही नव्हतं. कपड्यांचं गाठोडं बैलगाडीत विसरली होती. तवा विसरली नव्हती. पहिले आठ दिवस माझी लुगडी नेसली आणि आठव्या दिवशी मला म्हणाली, “तुन्हं लुगडं आखूड शे. तू बी आखूड, लुगडं बी आखूड.”

घरात ती गुजरांची बोली बोलत असेल. आमच्याशी अहिराणी बोले आणि शिव्या गुजरातीतून देई.

भाजी कच्ची चावून पाहिल्याशिवाय ती घेत नसे. भेंडी चावायची, गवार चावायची, वांग्याच्या देठाला जीभ लावून पाहायची. बाजारात तिला येताना पाहिलं की माळणी टोपल्यांवर पदर टाकत. गोमाईच्या काठचे मळे तिला पाठ होते. कोणाच्या वेलाला कधी फूल आलं हे मळेवाल्याच्या आधी हिला कळे. मोसमातला पहिला माल आमच्या चुलीवर आला पाहिजे, ही तिची हाव होती. दुसरा शब्द नाही, हावच. पहिलं गिलकं, म्हणजे घोसाळं, ती पदराखाली लपवून आणी, जणू कोणाचं मूल पळवून आणलं आहे.

आणि मोसम संपला की संपला. “हरेक भाजीना दिन ऱ्हास. दिन गया का ती भाजी नही, चारा.” फाल्गुनात कोणी वांगी आणली तर ती उकिरड्यावर टाकून द्यायची. बटाट्यावर तिचा विशेष राग होता. “बटाटा म्हंजे बारमाही पाव्हना. उना का जासच नही, ना त्याले लाज.” व्यवस्थापकांनी भिंतीवर आठवड्याचा तक्ता लावला होता: सोमवारी बटाटा, मंगळवारी डाळ, बुधवारी बटाटा. त्या तक्त्याने ती चुलीला वारा घालत असे. वाचता येत नव्हतं, पण त्यात बटाटा दोनदा आहे हे तिला कोणीतरी सांगितलं होतं.

स्वयंपाक मात्र करी. हिवाळ्यात मागच्या अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ करून त्यात एका वेळी चाळीस वांगी भाजायची. मुली गोल करून बसत आणि ती हातात काठी घेऊन वांगी उलटी करत फिरे. मिरच्या नंदुरबारच्या, लसूण ओला, कांद्याची पात, वर कच्चं तेल. त्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर किती लागायची याचा हिशेबच नसे. मी कधी ढवळायला गेले तर उलथण्याने हातावर मारी. “तू पोरीस्ले पाढे शिकाड. चुल्हापुढे ल्हानपनपासून मी शे.” मी तेहतीस वर्षांची बाई, मुख्याध्यापिका, वसतिगृहाची प्रमुख, आणि माझ्या हातावर उलथण्याचा डाग आहे. अजून आहे.

आमच्या मुली डोंगरातल्या होत्या. तोरणमाळच्या घाटावरच्या, धडगावकडच्या पाड्यांमधल्या. घरी पावरी नाहीतर भिली बोलायच्या, आमच्याशी जपून जपून मराठी. अठ्ठावीस मुलींमधून सातवीपर्यंत टिकणारी एखादीच. होळीला वर गेल्या की निम्म्या परत येत नसत. एकेक मूल परत आणायला मी चालत घाट चढले आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाही. एक मुलगी गमावणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं एवढंच सांगते.

काकीच्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. भाद्रपद लागला होता. ती सकाळीच मळ्यात गेली आणि पहिली गिलकी घेऊन आली. कोवळी, बोटभर, देठाला फूल चिकटलेलं. जुन्या मुगाच्या डाळीत घालून तिने भाजी केली. वास शाळेपर्यंत आला होता. मुली जेवायला बसल्या, तिने वाढलं, आणि एकीनेही भाजीला हात लावला नाही. भाकर कोरडी खाल्ली, पाणी प्यायल्या, उठल्या.

“काय वं? जहर टाकेल शे का मी?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. संध्याकाळी तिने तीच भाजी पुन्हा वाढली. दुसऱ्या दिवशी नवी गिलकी आणली, चवळीच्या शेंगा आणल्या. भाकर बंद केली, नुसती भाजी वाढली. “हाईच खानं पडी. नही तं उपाशी ऱ्हा.” मुली उपाशी राहिल्या. घाटावरच्या एका पाड्यातली चौथीतली मुलगी होती, बारकी, मोठ्या डोळ्यांची. ती काकीकडे सरळ बघत असे, बाकीच्या बघत नसत. काकीने तिच्या थोबाडीत दिली. मी तिथेच होते. मलाही वाटलं, पोरींना माज आला आहे. हे लिहिताना मला माझ्या कानशिलात मारावीशी वाटते, पण त्याने काय होणार.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी प्रार्थनेच्या रांगेत खाली बसली, मग आडवी झाली. तोंडावर पाणी मारलं तेव्हा म्हणाली, “बाई, आमच्या गावात नवाई नाही झाली.”

नवाई म्हणजे काय हे मी त्या दिवशी ऐकलं. तिथे सहा वर्षं राहून त्या दिवशी. पावसाळ्यात जे नवं येतं, भाजी, काकडी, मका, ते आधी गावाच्या देवाला. पुजारा आणि गावातली जाणती माणसं दिवस ठरवतात, पूजा होते, मग माणसांनी खायचं. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्याआधी कोणी नवं तोंडात घातलं तर ते एकट्यावर येत नाही, गावावर येतं. “देव खातो, मग आम्ही,” असं ती म्हणाली. इतकं साधं. आणि हे तीन दिवस अठ्ठावीस मुलींपैकी एकीलाही आम्हाला सांगावंसं वाटलं नव्हतं. आम्ही हसू, ही त्यांना खात्री होती. आमची तेवढी ख्याती होती.

काकीला मी हे सांगितलं तेव्हा ती पाट्यावर मिरची वाटत होती. हात थांबला. माझ्यामागे उभ्या त्या मुलीकडे वळून म्हणाली, “मंग तीन दिन तोंडमा काय धरी बठनी व्हती वं?” माफी नाही, डोक्यावरून हात नाही, काही नाही. उठली, भाजीचं पातेलं उकिरड्यावर रिकामं केलं, घरातलं एकूण एक भांडं राखेने घासलं आणि जुन्या ज्वारीची भाकर, जुन्या उडदाची डाळ, आमचूर घालून केली. मुली तुटून पडल्या. काकी कडेला उभी राहून भाकरी मोजत होती. त्या मुलीला तीन वाढल्या, तिने एक परत केली, काकीने ती पुन्हा ताटात टाकली.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्या मुलीचा बाप खाली आला. कोणीतरी वर्दी दिली होती. दारात उभा राहिला, आत येईना. म्हणाला, “बाई, पोरगी शिकव. पण देवाच्या आधी नको खिलाव. पुन्हा असं झालं तर मी घेऊन जाईल.” वरच्या एका गावातून मुलीला तेव्हाच मागणी आली होती. नेली की संपलं, हे मला कळलं आणि काकीलाही कळलं.

मग काकीचा दुसरा अतिरेक सुरू झाला. मधला रस्ता त्या बाईला कधी दिसलाच नाही. खिडकीच्या फळीवर तिने खडे मांडले, एकेका गावाचा एकेक. बाजाराला वरून कोणी आलं की त्याला रस्त्यात अडवायची: “तुम्हना गावनी पूजा व्हयनी का?” झाली म्हटलं की त्या गावाचा खडा अंगणात भिरकावायची. शेवटचा खडा जाईपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात नवं पान येत नसे. ज्या मुलींच्या गावची पूजा होऊन गेली, त्यांनाही नाही. मलाही नाही. महिना महिना उडीद आणि ठेचा.

“काकी, माझ्या गावाला कुठे नवाई असते? मी नाशिकची.”

“तू मन्हाच चुल्हावर जेवस ना? मंग तुन्ही बी पूजा बाकी शे.”

आणि जी बाई पहिल्या गिलक्यासाठी कोसभर चिखल तुडवत जायची, ती त्या दिवसांत मळ्याच्या रस्त्यानेच जायची नाही. स्वतः काही नवं चाखलं नाही. तिचा देव वेगळा, तिला काही बंधन नव्हतं. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर शिवी मिळाली असती.

तीन वर्षं असं चाललं. बारकी मुलगी सातवीत आली. घाटावरच्या त्या पाड्यातून सातवीला बसणारी पहिली. मार्चमध्ये परीक्षा होती. पास झाली की पुढे शिक्षिकेच्या शिक्षणाला घेणार होते, मी पत्रव्यवहार करून ठेवला होता. मुलगी हुशार नव्हती, चिवट होती. माझ्या अनुभवात चिवट मुली पुढे जातात.

त्या भाद्रपदात वसतिगृहाच्या तपासणीला सरकारी साहेब आले. बरोबर समतोल आहाराचा छापील तक्ता होता. त्यात गाजर, कोबी, फुलकोबी, टोमॅटो. सातपुड्याच्या पायथ्याशी, भाद्रपदात! ज्याने तो छापला त्याने कधी स्वतःच्या हाताने एक मेथीची जुडी निवडली नसेल. दुपारच्या जेवणाला साहेब रांगेतून फिरले. ताटात भाकर, उडीद, ठेचा.

“हिरवी भाजी कुठे आहे?”

व्यवस्थापक माझ्याकडे बघायला लागले. फळीवर एकच खडा उरला होता, त्या मुलीच्या गावाचा. पूजेला चार दिवस होते, असा निरोप आला होता. मी नीट शब्द जुळवत होते तेवढ्यात काकी बोलली, “नही शे. हाई पोरना गावनी पूजा व्हयेल नही.”

साहेब हसले. “हे वसतिगृह आहे की देऊळ?”

“तुम्हना घर गनपती बसस, तव्हय पहिला मोदक कोण खास? तुम्ही का देव?”

“बाई, तो धर्म आहे. ही अंधश्रद्धा आहे.”

“तुम्हना देव देव, आनि यासना देव काय, भूत?”

मुलींमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. तिथेच सगळं बिघडलं. साहेबाचा मान मुलींसमोर गेला, आणि असा गेलेला मान कोणाच्या तरी पोटातून वसूल होतो. त्यांनी जागच्या जागी हुकूम दिला. उद्यापासून ताटात हिरवी भाजी, आणि जी खाणार नाही तिला घरी पाठवा. स्वयंपाकीणबाईंनी चूक लेखी कबूल करावी आणि यापुढे असं करणार नाही असं लिहून द्यावं, नाहीतर आजच जावं. ते मुक्कामाला होते. सकाळी निघण्याआधी जेवण बघायला येतो म्हणाले.

म्हणजे ती मुलगी दोन्हीकडून गेली होती. भाजी खाल्ली तर बाप नेणार, नाही खाल्ली तर आम्हीच पाठवणार.

मी कागद लिहिला. चार ओळी, सोप्या. व्यवस्थापक तो कागद आणि शाईची डबी घेऊन दारात उभे राहिले. मी काकीला बाजूला घेतलं.

“अंगठा उठवा आणि मोकळ्या व्हा. साहेब सकाळी जातील. चार दिवसांचा प्रश्न आहे. भाजी ताटात वाढू, पोरी कडेला सारतील, साहेब काय वाकून बघणार आहेत?”

“ताटमा पडनं म्हंजे पडनं.”

“मग भाजीचं मी बघते. तुम्ही नुसता अंगठा द्या. तुम्ही राहणं महत्त्वाचं आहे, कागद नाही. असे कागद मी शंभर लिहिलेत.”

“काय लिखं शे त्यामा?”

“की चूक झाली.”

तिने हात पदराला पुसले. मग म्हणाली, “मन्ही चूक तीन साल पहिले व्हती, मास्तरीन. पोरले मारं, तीन दिन उपाशी ठेवं. तव्हय कागद लई कोणी उना नही.”

व्यवस्थापक दारातून म्हणाले, “बाई, लवकर आटपा, मला साहेबांकडे जायचंय.”

“तू जाय ना भो. तुले कोण धरी ठेवं शे?”

मी तिला समजावलं, मग ओरडले, मग हात जोडले. मी आयुष्यात फार कमी वेळा हात जोडले आहेत. म्हटलं, तुमचा अंगठा झिजणार आहे का? मुलीची शाळा जाईल. म्हणाली, “मन्हा अंगठा खोटं बोलस नही.” एवढंच. तव्यावरची राख पुसली, तवा डोक्यावर घेतला. ऊन उतरायच्या आत तापीच्या रस्त्याला लागायचं होतं. जाताना मुलींकडे गेली नाही. मला म्हणाली, “उडीद वरना डब्बामा शे. पीठ चाळी ले. आनि ती घाटनी पोर दोनच भाकरी सांगस, तिले तीन दे.”

आणि गेली. अठ्ठावीस तोंडं माझ्या अंगावर टाकून, डोकं ताठ ठेवून गेली.

आता लोक म्हणतात, काय बाणेदार बाई. अध्यक्षांच्या पत्रातही हाच शब्द आहे, बाणेदार. मला तो शब्द ऐकला की डोकं फिरतं. बाणा तिचा आणि भूक दुसऱ्यांची. ज्यांनी तिला घालवलं त्यांचा राग तर आहेच, तो मी मरेपर्यंत सांभाळणार आहे. पण तिचाही आहे. चार दिवस! चार दिवस ती खोटं बोलली असती तर कोणता देव कोपला असता? जो मुलींचा देव तिने तीन वर्षं सांभाळला, त्याला चुलीपाशी स्वयंपाकीण हवी होती, की तिचा स्वच्छ अंगठा? हे मला तिला विचारायचं होतं. पुढे दोनदा तापीकाठी गेले, तिच्या भावाच्या मळ्यात ती काम करत होती. दोन्ही वेळा तिने मला जेवायला घातलं आणि दोन्ही वेळा भांडण होऊन मी परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचला उठले आणि चूल पेटवली. पीठ चाळलं. पहिली भाकर तुटली, दुसरी करपली, तिसरी एका बाजूने कच्ची राहिली. मी आयुष्यभर खडू धरला होता. सातवीतली ती मुलगी दारात येऊन उभी राहिली, बाह्या सारून आत आली आणि पीठ ओढायला लागली. “बाई, मी थापते.”

“तू गणितं सोडव. जा.”

“तुमची तुटतीये.”

“तुटू दे. जा म्हटलं ना!”

उडीद शिजवला, आमचूर घातलं, मीठ जास्त पडलं. आठाच्या सुमाराला व्यवस्थापक टोपली घेऊन आले. गिलकी होती, कोवळी, वर चवळीच्या शेंगा. साहेबांनी मुद्दाम पाठवली आहे, ते नऊला येतात, तेवढ्यात शिजवून ठेवा, म्हणाले आणि बाहेर बाकावर बसले. मी टोपली घेतली. मागच्या दाराने गोठ्यात गेले आणि वसतिगृहाच्या म्हशीपुढे ओतली. ती खाईपर्यंत उभी राहिले. शेंगाही खाल्ल्या, देठंही खाल्ली.

मग मुलींना वाढलं. घाटावरच्या मुलीने दोन भाकरी मागितल्या, मी तीन टाकल्या. ती खारट उडदात बोट बुडवून माझ्याकडे बघायला लागली. “खा,” म्हटलं.

नऊला साहेब आले. पहिल्याच ताटापाशी थांबले. “भाजी कुठे आहे?”

“म्हशीने खाल्ली.”

“कुठल्या म्हशीने?”

“मी घातली. आज घातली, उद्या पाठवलीत तर उद्याही घालेन. शुक्रवारी या, तेव्हा ताटात गिलकी असतील.”

साहेब काहीतरी बोलायला लागले, नोकरीबद्दल असावं. मी ऐकलं नाही. ती मुलगी तिसऱ्या भाकरीवर होती, आणि ती संपेपर्यंत मी साहेबांच्या आणि तिच्या ताटाच्या मधे उभी राहिले.